उशाशी समुद्र

काचेवर एक आडवा ओरखडा. म्हणून माशांची टाकी अर्ध्या किमतीत.

चीफचा डावा हात हलतो. उजवा नाही. जीभ नाही. कान ठणठणीत आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

चीफची दुर्बीण विकली. त्या पैशांत मीठ आलं. खायचं नव्हे, टाकीत समुद्राचं पाणी करायचं.

स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी. बादलीमागून बादली.

कुणाची तरी हौस फिटली, त्याच्या टाकीतले भोकाभोकांचे दगड. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले. घरभर वास.

गुडुक. गर्रर्र. गुडुक.

मुलगी बॅग घेऊन दारातच थांबली. "आई, हा कसला आवाज?"

"पाण्याचा."

"नळ राहिलाय का चालू?"

"आत जाऊन बघ."

आतल्या खोलीत चीफ पडून होता. जहाजावर चीफ इंजिनियर होता, म्हणून घरीही सगळे त्याला चीफच म्हणत. पक्षाघातानंतर पलंगाला कठडे लागले होते. उशाजवळच्या टेबलावर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, काचेची टाकी होती. निळसर दिवा, दगड, दगडावर बोटभर प्रवाळ. टाकीतलं पाणी पाईपातून खाली प्लास्टिकच्या डब्यात पडत होतं आणि डब्यातला पंप ते परत वर ढकलत होता. पडता पडता पाणी हवा गिळायचं आणि कुणी घसा खाकरावा तसं गुरगुरायचं.

"लोक अशा माणसाला मालिशवाली ठेवतात," मुलगी म्हणाली. "तू मासे ठेवलेस."

"मासे कुठेत? मासे परवडत नाहीत. दगड आहे, एक गोगलगाय आहे, आणि दुकानदाराने टाकून द्यायला काढलेला तो प्रवाळाचा तुकडा."

"हॉलमध्ये नाही का ठेवता आलं?"

"हॉलमध्ये ऊन येतं. शेवाळ धरतं."

चीफचा डावा हात चादरीवर आपटत होता. मुलीने तो हातात घेतला. "बाबा, दुखतंय का कुठे?" हात तिच्या हातातून सुटला आणि पुन्हा आपटू लागला.

"आई, बाबांना आवाज चालत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

मुलीने दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, सोपं आहे ताई. टाकीत पाईपचं तोंड उभं आहे ना, त्यावर एल्बो बसवा, तो पाईपचा वाकडा जोड, तोंड खाली करून. एल्बोच्या डोक्यावर एक बारीक भोक पाडा. ग्लू नको, नुसता दाबायचा. आवाज गप. काकूंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मुलीने फोन ठेवला. "तुला सांगितलं होतं?"

"बजेटमध्ये बसत नव्हतं."

"आई, चहाच्या कपाएवढी किंमत नाही गं त्याची! मी देते पैसे."

"मुलीचे पैसे मी घेत नाही. जावयाचे तर मुळीच नाही."

"कमाल आहे तुझी. मिठाला पैसे आहेत, दिव्याला आहेत..."

आई टॉवेलच्या घड्या घालत राहिली.

मुलगी चपला घालून खाली उतरली. परत आली तेव्हा तिच्या हातात एल्बो होता, भोक हार्डवेअरवाल्याकडूनच पाडून आणलेलं. बाही वर करून तिने टाकीत हात घातला. प्रवाळाने दचकून अंग चोरलं. एल्बो बसला. पाणी एकदा खाकरलं, दोनदा, आणि गप्प झालं.

पंपाची बारीक घरघर उरली, तीही कान दिला तरच. चीफचा हात थांबला. डोळे मिटले. तोंडाच्या एका बाजूने श्वास सावकाश येऊ-जाऊ लागला.

"बघ, कसे निजले लगेच," मुलगी कुजबुजली. "एवढंसं काम होतं."

"तुझी बस चुकेल," आई म्हणाली.

मुलगी गेली. आईने दाराला कडी लावली. वाटीत पेज आणली, चीफला उठवलं, चमच्या चमच्याने भरवली, हनुवटी पुसली. पाठीला पावडर लावली. कूस बदलायची वेळ झाली होती. तिने त्याला टाकीकडे तोंड करून वळवलं आणि पाठीशी उशी खोचली. एकही काम तिने चुकवलं नाही, कधीच चुकवलं नव्हतं.

मग बांगड्या मागे सारून तिने टाकीत हात घातला आणि एल्बो उपटला.

गुडुक. गर्रर्र.

चीफचे डोळे उघडले. ते तिच्यावर आले आणि तिच्यावरच राहिले. डाव्या हाताची मूठ वळली. तिने ती सोडवली, एकेक बोट पुसलं आणि हात चादरीखाली घातला.

खुर्ची ओढून ती टाकीसमोर बसली. प्रवाळ अजून मिटलेलं होतं. बऱ्याच वेळाने त्याचं एक टोक उघडलं, मग दुसरं. हिरवं, केसांसारखं.

"आयुष्यभर समुद्र तुम्ही बघितलात," ती म्हणाली. "आता मी बघते."

पाणी गुरगुरत राहिलं.

मुलगी तीन महिन्यांची असताना चीफ सुट्टीवर घरी आला होता. त्या सुट्टीभर, दुपारी तो निजला की, तिला पाजणं, झोपवणं, रडू देणं, सगळं न्हाणीघरात व्हायचं, दार लावून, फटीला टॉवेल लावून.