ओली जीन्स
केशोरी गावात, घरच्या अंगणात जमलेल्या गावकऱ्यांना बंटी लॅपटॉपवर संशोधन दाखवत होता. "सिकलसेलवाल्याच्या अंगाले थंडी लागली की रक्तातले हे प्रोटीन एकमेकाले चिपकून दोरे बनतेत. रक्त अडते, हाडं ठणकतेत. कोणतं प्रोटीन कुठं चिपकन, आमचं कॉम्प्युटरवरचं डीप लर्निंगचं मॉडेल आधीच सांगते." टाळ्या वाजल्या. दाराशी बसलेल्या बहिणीनं, खुशबूनं विचारलं, "दादा, थंडीनं मले त्रास होते, हे तुले मालूम होतं?" तिला लहानपणापासून सिकलसेलचा आजार होता. शेजारचे देवाजी हसले, "अवो, त्याले नाही तं कोणाले मालूम राहीन?" सकाळच्या गारठ्यात बंटीनंच तिला आपली जीन्स धुवायला दिली होती. आई म्हणाली, "खुशबू, दादाची पँट उलटव, सुकून नाही राहिली." ती गुडघा धरून उठली. आपण उठावं असं बंटीला वाटलं. पण गाव बघत होतं. त्यानं पुढचं चित्र लावलं.