मागची हवा

"पुढचं विमान दिसतंय," छोट्या विमानाचा वैमानिक रेडिओवर म्हणाला. हे वाक्य आलं की दोन विमानांमधलं अंतर सांभाळणं त्याच्याकडे जातं. टॉवरमध्ये बसलेली मी मोकळी. नियमच आहे तसा. रांगेत आणखी सात विमानं होती. मी लगेच उतरायची परवानगी दिली.

मग धावपट्टीशेजारी वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे लक्ष गेलं. ती मेल्यासारखी लोंबत होती. वारा अजिबात नव्हता. म्हणजे पुढच्या, नुकत्याच उतरलेल्या अवजड विमानाने मागे सोडलेले हवेचे भोवरे अजून तिथेच गरगरत असणार, कुणालाच न दिसता.

"उतरू नका, वर जा."

छोट्या विमानाचा एक पंख कलला, आणखी कलला, इतका की मला त्याचं पोट दिसलं.

"वर जातोय," अखेर तो म्हणाला. "आत नऊ माणसं आहेत, मॅडम."

थोड्या वेळाने दुसरं अवजड विमान उतरलं. त्याच्या मागचा वैमानिक म्हणाला, "पुढचं विमान दिसतंय."

"दिसू दे," मी म्हणाले. "अंतर मी सांगेन."