रिकामं कव्हर

नातीच्या मोबाईलवर लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवत होता. गाल टम्म फुगलेले, हातात पांढराशुभ्र रुमाल.

"आबा, हा तर बँडच्या जुन्या फोटोतल्या तुमचीच नक्कल करतोय!" नात म्हणाली.

लहानूआबांना हसू आलं नाही. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तेव्हा बँडचे मास्तर सगळ्यांना असाच रुमाल धरायला लावायचे. वरातीतली पोरं टिंगल करायची. मास्तरांनी जुन्या बाजारातून याच वादकाची रेकॉर्ड आणली होती. घरी उघडून बघतात तर आत तबकडीच नाही! नुसतं कव्हर, त्यावर हा रुमालवाला. "आपल्यासारखाच काळा माणूस जगाला डोलवतोय. सूर नाही, तर त्याचा रुमाल तरी आपल्याकडे असू दे," मास्तर म्हणाले होते. त्याला ऐकायचं राहूनच गेलं आणि मास्तर गेले.

आबा उठले. भिंतीवरच्या मास्तरांच्या तसबिरीपुढे मोबाईल धरून त्यांनी आवाज मोठा केला.

"घ्या मास्तर, तबकडी सापडली."