पाहुणे असेपर्यंत

ज्यांच्यासाठी शर्ट शिवायचे ते परदेशी पाहुणे तपासणीला येणार म्हणून कारखान्यात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगला, तेव्हाच तिथे कामाला असलेल्या थोरल्या जावेच्या मनात पाल चुकचुकली. कोणाचं लक्ष नाही असं बघून तिने त्याच्या मुठीला निळा दोरा बांधला. पाहुणे येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसता हुक उरला.

त्याच संध्याकाळी धाकटी जाऊ आपल्या कारखान्यातून हरखून घरी आली. “जाऊबाई, आमचा मालक सुधारला बरं का! आज नवाकोरा सिलिंडर लावला.”

“मुठीला निळा दोरा आहे का गं?”

“अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?”

थोरली कांदा चिरत राहिली. “पाहुणे कधी येणारेत?”

“उद्या.”

“मग आग लागायचीच असेल, तर उद्याच लागू दे, बाई.”