व्याह्यांचे मांडे

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. अमरावतीच्या आमच्या घरी अकोल्याहून आलेले धडधाकट पाहुणे : नऊ.

शनिवार-रविवार मिळून माझ्या पत्नीने, साधनाने, त्यांच्यासाठी हातावर ताणून एकशे बारा पुरणाचे मांडे केले होते. आज तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तरीही आमचे व्याही पंजाबराव म्हणाले, "विहीणबाई, आमी सांजच्याले निंगतो. दुपारी अजून मांडे होऊन जाऊ द्या. त्याच्यात काय थकनं जी? नुसते हात तं हालवाचे असतात!"

"मग आज तुम्ही हलवा," मी म्हणालो.

"हौ, त्यात काय!"

भिजवलेली कणीक, पुरण आणि मांडे भाजायचे उपडे मडके मी त्या नऊ जणांपुढे मांडले. कृतीचे अकरा टप्पे क्रमवार लिहून भिंतीला चिकटवले आणि "आम्ही मसाजला जाऊन येतो" असे सांगून साधनाला ऑटोत बसवले.

"अवो, लेक देली हाय आपन त्यायच्या घरी," ती घाबरून म्हणाली.

"म्हणूनच अक्षर सुवाच्य काढले."

दीड तास तिने थाई मसाज घेतला. नंतर थाई करी आणि भात, दुसऱ्याने वाढलेला, सावकाश जेवली. चार वाजता आम्ही परतलो. फाटलेल्या मांड्यांनी परात भरली होती. पंजाबराव आणि बाकीचे आठही जण खांदे चोळत भिंतीला टेकून बसले होते.

"विहीणबाई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "थो मसाजवाला कुठीसा बसते वो?"



दुखणारे खांदे : अठरा.