ढालवाली

“वहिनी, तुम्ही हीलर घ्या. मागे राहून माझ्या जखमा भरा, लढाईचं मी बघतो,” दिराने खेळ शिकवतानाच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक लढाईत ती त्याला जगवायची आणि जिंकल्यावर कॉलर ताठ करायचा तो! एकदा तिने सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी ढालवाली मागितली, तेव्हा तो खो खो हसला. “त्याला धमक लागते, वहिनी!” मग तो कामावर गेला की ती एकटीच ढाल धरायला शिकू लागली. आज तिने गुपचूप ढालवाली घेतली, खेळाने संघ जुळवले आणि दीर नेमका विरुद्ध बाजूला आला. वहिनी मागे आहेच असं धरून तो सवयीने बेधडक किल्ल्याच्या दारातून घुसायला गेला, ढालीवर आपटला आणि पलीकडच्या खोलीतून ओरडला, “वहिनी, धावा! ही कोण बया, हलतच नाही!” “मीच ती, भाऊजी.” तिने ढाल रेटली. “धमक असेल तर या पुढे!”