चष्म्यातलं उड्डाण

नारळसुद्धा चष्म्यातच फुटला, तेव्हाच सुलभाताई केळुसकरांनी ओळखलं की इथे खोबऱ्याचा तुकडाही मिळायचा नाही. कऱ्हाडच्या मैदानावर छोट्या रॉकेटांची स्पर्धा भरली होती आणि सुलभाताईंचं सोडलं तर एकाच्याही रॉकेटात इंजिन नव्हतं. पुठ्ठ्याचं रॉकेट जागच्या जागी उभं राहायचं, आणि आभासी उड्डाण दाखवणारे चष्मे लावलेली माणसं माना वर करून टाळ्या पिटायची.

"बिनडोक मेले!" सुलभाताई पुटपुटल्या. बिनचष्म्याच्या त्या एकट्याच. आपल्या रॉकेटाच्या इंजिनासाठी अंगठ्याएवढ्या कागदी नळीत त्यांनी स्वतः दारू ठासली होती, चिकणमातीनं तिचं तोंड घडवलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. जाळ निघाला, रॉकेट सुसाट वर गेलं आणि ठिपका झालं. मैदान मख्ख. कार्यक्रमात नसलेलं काहीही चष्मे दाखवत नसत.

"कचरा कोण जाळतंय?" कुणीतरी खोकत विचारलं.

"बाई, तुमचं उडालंच नाही," प्रमुख पाहुणे घोरपडेसाहेब कनवाळूपणे म्हणाले. "पुढच्या वर्षी इंजिनाचा नाद सोडा आणि एक चष्मा घ्या."

तेवढ्यात वरून लाल हवाईछत्री तरंगत आली आणि साहेबांच्या टकलावर बसली. रॉकेट कानाशी लोंबू लागलं. माशी हाकलावी तसा साहेबांनी हात हलवला आणि त्याच थाटात ते भाषणाला उभे राहिले. विषय होता, 'वैज्ञानिक दृष्टी'. कुणीही हसलं नाही.

सुलभाताईंनी पहिल्या रांगेत खुर्ची ओढली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या.